यकृताचा नाका आणि बायकांची औषधं

पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेली बाई. योनीमार्ग कोरडा पडलेला, जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखतं. मनाचा हिय्या करून ती स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगते आणि त्या एस्ट्रिऑलचं क्रीम लिहून देतात. घरी येऊन खोक्यातला घडीचा कागद उलगडला, की बारीक टायपात यकृताच्या आजाराबद्दलचा इशारा दिसतो. हिच्या मागच्या सोनोग्राफीत तर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असं आलेलं. ट्यूब न उघडता कपाटात जाते.

आता दुसरी, तिशीतली. टीबीचं निदान झालंय, औषधं नियमित चालू आहेत. मूल इतक्यात नको म्हणून माला-एनची गोळीही रोज रात्री न चुकता घेते. तरीही दिवस राहतात. घरातले म्हणतात, विसरली असशील. ती विसरलेली नसते.

पहिलीला नको तेवढी धास्ती बसली आणि दुसरीला हवी ती सूचना कोणी दिलीच नाही. दोघींच्या प्रकरणात मधे यकृत आहे. ‘लिव्हरचा त्रास असताना हे औषध चालेल का?’ असा एकच प्रश्न आपण विचारतो. त्याच्या पोटात खरं तर तीन प्रश्न आहेत. औषध शरीरात कुठल्या वाटेने शिरतंय? यकृत ते मोडू शकेल का? आणि औषधच यकृताला काही करेल का? हे तिन्ही वेगळे काढले, की ही ट्यूब आणि ती गोळी दोन्ही समजतात.

आतड्यातून निघालेला माल

मुंबईत जकात होती तेव्हाचे मुलुंड किंवा दहिसरचे नाके आठवा. शहरात येणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबायचा, मालाची तपासणी व्हायची, वसुली व्हायची, मगच पुढे. यकृत तसंच बसलंय. आतड्यांतून शोषलेलं सगळं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. यकृतद्वार शिरेतून ते आधी यकृतात येतं. तोंडाने घेतलेली गोळी विरघळली की तिच्यातलं औषध याच रस्त्याने नाक्यावर पोचतं. तिथली विकरं म्हणजे एन्झाइम्स त्यातलं काही मोडतात, काही निकामी करून पित्त किंवा लघवीच्या मार्गाला लावतात. उरलेलं शरीरभर जातं.

ही वसुली किती जबर असते? आपल्या बीजकोशात तयार होणारं एस्ट्राडिऑल हे मूळ स्त्री-संप्रेरक तोंडाने घेतलं, तर त्यातलं जेमतेम 5 टक्के शाबूत पुढे पोचतं. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतरच्या उपचारात रोजची 1 मिलिग्रॅमची गोळी जे काम करते, साधारण तेच काम त्वचेवर लावायची पट्टी दिवसाला 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे विसाव्या हिश्शात करते. कातडीखालचं रक्त नाक्यावरून न जाता थेट मुख्य रस्त्याला लागतं.

योनीमार्गातलं रक्तही बहुतांशी असंच यकृताला वळसा घालून जातं. शिवाय एस्ट्रिऑलच्या क्रीमची मात्रा मुळातच कमी असते. पहिले काही आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, तेही जिथे हवं तिथेच. पहिल्या बाईच्या क्रीमबद्दलचा इशारा हा मुख्यतः तोंडाने घ्यायच्या, मोठ्या मात्रेच्या इस्ट्रोजेनच्या अनुभवातून आला आणि त्या कुळातल्या बहुतेक औषधांच्या कागदावर छापला गेला. त्याचा रोखही चालू, तीव्र आजारावर किंवा तपासण्या बिघडलेल्या असताना आहे. साध्या फॅटी लिव्हरसाठी कपाटात ठेवावी अशी ती ट्यूब नाही. डॉक्टरांना ‘माझं लिव्हर फॅटी आहे’ एवढं सांगितलं असतं, तर दोन मिनिटांत हे मिटलं असतं.

सिरोसिसमध्ये मात्र नाक्याचं चित्र पालटतं. यकृतात जागोजाग व्रण होऊन ते कडक होतं, नाक्यावरचे कर्मचारी, म्हणजे विकरं, घटतात आणि मोडतोड मंदावते. त्यात यकृतद्वार शिरेतला दाब वाढल्यामुळे रक्त आडवाटा शोधतं. अन्ननलिकेभोवती शिरा फुगतात त्या यामुळेच. माल नाका चुकवून आत येतो. जे औषध एरवी 10 टक्के पोचायचं, ते अशा रुग्णात कितीतरी जास्त पोचतं आणि जास्त वेळ टिकतं. मात्रा तीच, परिणाम मात्र दुप्पट-चौपट.

अहवालातला आकडा काय सांगतो

‘एसजीपीटी वाढलंय’ म्हणून घाबरणारे आणि ‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त राहणारे, दोघेही एकाच घोटाळ्यात असतात. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधलं एक विकर. पेशींना इजा झाली की ते रक्तात गळतं. इजा चालू आहे एवढंच त्यातून कळतं. यकृत काम किती करतंय हे त्यातून कळत नाही. जुन्या सिरोसिसमध्ये गळायला पेशीच कमी उरतात, म्हणून हा आकडा चक्क नॉर्मल येऊ शकतो.

कामाचा अंदाज घ्यायला डॉक्टर पाच गोष्टी बघतात: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटात पाणी झालंय का आणि मेंदूवर परिणाम होऊन गुंगी किंवा भ्रम आहे का. चाइल्ड आणि टर्कॉट या शल्यविशारदांनी 1964 साली मांडलेली ही पद्धत 1973 मध्ये पग आणि सहकाऱ्यांनी सुधारली. म्हणून तिला चाइल्ड-पग म्हणतात. गुण 5 ते 6 असले तर ‘ए’, 7 ते 9 ‘बी’ आणि 10 ते 15 ‘सी’. औषधांच्या कागदावर ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ असं लिहिलेलं असतं ते बहुधा याच ए, बी, सीच्या हिशेबाने. सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड वन’, ‘ग्रेड टू’शी त्याचा काही संबंध नाही. सोनोग्राफीची ग्रेड यकृतात चरबी किती दिसते एवढंच सांगते.

एका हट्टी रेणूची गोष्ट

मूळ एस्ट्राडिऑल तोंडाने घेतलं तर वाया जातं, हे शास्त्रज्ञांना 1930 च्या दशकातच खुपत होतं. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहोफेन आणि होलवेग यांनी 1938 साली त्या रेणूला एक छोटंसं शेपूट जोडलं. यकृताची विकरं रेणूला जिथे पकडतात, नेमकी तीच जागा त्याने अडवली. तयार झालं एथिनिल एस्ट्राडिऑल. तोंडाने घेतलं तरी त्यातलं 40 टक्क्यांच्या आसपास टिकतं. माला-डी आणि माला-एनच्या 21 पांढऱ्या गोळ्यांत हेच आहे, 0.03 मिलिग्रॅम, सोबत 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल. उरलेल्या 7 गोळ्या लोहाच्या.

जे सहज मोडत नाही, ते यकृतात रेंगाळतं आणि तिथल्या पेशींना कामाला लावतं. रक्त गोठवणारे घटक जास्त तयार होतात, म्हणून गाठी होण्याचा धोका थोडा वाढतो. क्वचित यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांतच गाठ होते. तिला बड-कियारी आजार म्हणतात आणि तो झालेल्या बाईला ही गोळी पुन्हा देत नाहीत. पित्ताचा निचरा मंदावू शकतो. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री झोप उडवणारी खाज सुटलेल्या काही जणींना, पुढे गोळी सुरू केल्यावर तशीच खाज सुटते. गरोदरपणातली ती खाज उष्णतेची म्हणून सोडून दिलेली असते. गोळी सुरू करताना ती आठवणीने सांगायला हवी.

यकृतातली अ‍ॅडिनोमा नावाची साधी, कर्करोग नसलेली गाठ आणि गोळी यांचा संबंध 1973 साली अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रथम ठळकपणे दाखवला. तेव्हाच्या गोळ्या भारी मात्रेच्या होत्या. 1960 साली आलेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन 150 मायक्रोग्रॅम होतं, आज 20 ते 30 असतं. त्यामुळे ही गाठ आता विरळा. पण ती आहे हे कळलं, तर गोळी बंद.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाट बदलली की प्रश्न सुटतोच, असं या रेणूबाबत होत नाही. एथिनिल एस्ट्राडिऑलची गर्भनिरोधक पट्टी किंवा योनीत बसवायची रिंग पहिल्या फेरीत नाका चुकवते खरी, पण रक्त पुन्हा पुन्हा यकृतातून फिरतं आणि हा हट्टी रेणू दर फेरीला आपलं काम करतोच. ‘पट्टी आहे ना, मग लिव्हरला चालेल’ हे मूळ एस्ट्राडिऑलच्या पट्टीला लागू पडतं, या पट्टीला नाही.

मग गोळी कोणाला चालते? जागतिक आरोग्य संघटनेने गर्भनिरोधकांची चार गटांत वर्गवारी केली आहे: पहिला गट बिनदिक्कत, चौथा साफ नको. हेपटायटिस बी नुसता अंगात असलेल्या आणि सिरोसिस असूनही यकृत काम नीट करत असलेल्या बाईलाही मिश्र, म्हणजे दोन संप्रेरकांची गोळी पहिल्या गटात आहे. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. पोटात पाणी झालेला, बळावलेला सिरोसिस मात्र चौथ्या गटात. ताजी कावीळ चालू असताना गोळी नव्याने सुरू करत नाहीत. पीसीओडीसाठी गोळी घेणाऱ्या मुलींमध्ये फॅटी लिव्हर हमखास सापडतं. केवळ तेवढ्यासाठी गोळी बंद करायची गरज सहसा नसते. तिथे रक्तदाब, साखर, वजन आणि सिगारेट यांकडे जास्त बघावं लागतं.

तांबी तर बळावलेल्या सिरोसिसमध्येही पहिल्याच गटात बसते, कारण तिच्यात संप्रेरकच नाही. फक्त प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त गोठायला वेळ लागत असेल, तर बसवण्याआधी तपासणी हवी. तांबीने पाळीत जास्त जातं, हेही धरायला हवं. अपवाद विल्सनच्या आजाराचा. त्यात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृतात साठतं. तिथे तांबी बसवत नाहीत.

‘छाया’ किंवा ‘सहेली’बद्दल उलटा गैरसमज आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही आठवड्याची गोळी संप्रेरकाची नाही, म्हणून ती यकृतालाही निर्धोक, असं सरसकट धरलं जातं. नुकतीच कावीळ झालेली असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर ही गोळी देऊ नये असं तिच्या सूचनांतच आहे. आशाताई घरी गोळ्या देताना काविळीचं विचारतात ते उगाच नाही.

टीबीच्या गोळ्या चालू असताना

आता दुसरी बाई. तिचं यकृत धडधाकट आहे. पण टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला असा इशारा देतं, की नाक्यावर कर्मचाऱ्यांची भरती सुरू होते. गोळीतली दोन्ही संप्रेरकं भराभर मोडली जातात आणि रक्तातली पातळी बीजनिर्मिती रोखण्याइतकी उरत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत हे प्रथम लक्षात आलं, तेही गर्भनिरोधक गोळी आणि रिफाम्पिसिन एकत्र घेणाऱ्या बायकांना पाळीच्या मधेच रक्तस्राव होऊ लागला म्हणून. भरती झालेले कर्मचारी औषध थांबल्या दिवशी घरी जात नाहीत. साधारण महिनाभर त्यांचा अंमल राहतो. म्हणून टीबीचे सहा महिने आणि वर आणखी चार आठवडे गोळीवर विसंबू नये. तांबी किंवा दर तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन यांवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही. 72 तासांच्या आतली ‘आयत्या वेळची’ गोळीही या काळात कमी पडते. तिथे पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं अधिक खात्रीचं.

याच औषधाने लघवी नारिंगी होते आणि बाई कावीळ झाली म्हणून धसका घेते. डोळ्यांचा पांढरा भाग बघावा. नुसत्या रिफाम्पिसिनच्या रंगाने तो पिवळा होत नाही. डोळेही पिवळे दिसत असतील, मळमळ असेल, अन्न नकोसं झालं असेल, तर मात्र त्याच दिवशी टीबी केंद्र गाठावं, कारण टीबीची तीन मुख्य औषधं यकृताला खरोखर इजा करू शकतात.

इच्छेची गोळी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या कानावर ‘अ‍ॅडी’ हे नाव असेल. औषधाचं नाव फ्लिबॅनसेरिन. कामेच्छा मंदावल्याचा स्वतःला त्रास होत असलेल्या, पाळी चालू असलेल्या बायकांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 2015 मध्ये तिला परवानगी दिली. रोज रात्री 100 मिलिग्रॅम. तिचं काम मेंदूत चालतं, पण तिची विल्हेवाट जवळजवळ पूर्णपणे यकृतात लागते.

यकृताचा आजार आणि औषध यांचं गणित इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. चाइल्ड-पग ‘ए’, म्हणजे सौम्य गटातल्या रुग्णांतही या औषधाचा शरीराला होणारा एकूण संपर्क साडेचार पट झाला. निरोगी माणसात निम्मं औषध जायला 10 तास लागायचे, इथे 26. रोज गोळी घेणाऱ्या बाईच्या अंगात कालची संपायच्या आत आजची येणार. परिणाम म्हणजे रक्तदाब घसरणं आणि चक्कर येऊन पडणं. त्यामुळे यकृताचा कुठलाही बिघाड असेल, अगदी सौम्यही, तर ही गोळी वर्ज्य आहे.

दारूसोबत तिचा काय परिणाम होतो हे तपासायला जो पहिला अभ्यास झाला, त्यात 25 जण होते आणि त्यांतले 23 पुरुष. बायकांसाठीच्या गोळीची ही चाचणी. असो.

तुलनेला ब्रेमेलॅनोटाइड घ्या. त्याच तक्रारीसाठी, 2019 साली परवानगी मिळालेलं, वेळेआधी पाऊण तास पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायचं इंजेक्शन. हा प्रथिनासारखा छोटा साखळीरेणू असतो आणि तो मोडायला यकृताच्या खास विकरांची गरज पडत नाही. सौम्य ते मध्यम बिघाडात त्याची मात्रा बदलावी लागत नाही. तक्रार एकच, औषधं दोन, आणि यकृताच्या रुग्णासाठी उत्तरं परस्परविरुद्ध.

चौकट: डॉक्टरांसमोर बोलायच्या गोष्टी
• यकृताच्या आजाराचं नाव: फॅटी लिव्हर, हेपटायटिस बी किंवा सी, सिरोसिस, विल्सन की आणखी काही. ‘लिव्हरचा थोडा त्रास’ एवढ्याने भागत नाही.
• बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि प्लेटलेट यांचा ताजा अहवाल.
• पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा गुंगी कधी झाली होती का.
• गरोदरपणात किंवा गोळीवर असताना सुटलेली खाज, झालेली कावीळ.
• टीबी, फिट्स, एचआयव्ही यांची औषधं. चूर्णं आणि काढेसुद्धा.
• यकृताच्या डॉक्टरांना: कुठली गर्भनिरोधकं, क्रीम किंवा योनीत ठेवायच्या गोळ्या चालू आहेत.

अंगावरून पांढरं जाणं आणि हिरवं किट

सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये अंगावरून पांढरं जाण्यासाठी हिरव्या रंगाचं दोन नंबरचं किट मिळतं. त्यात सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच घ्यायच्या. धडधाकट बाईला हा सुटसुटीत उपाय. फ्लुकोनॅझोल स्वतः बहुतांशी मूत्रपिंडातून जातं, पण जाता जाता नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांचे हात बांधून ठेवतं. म्हणजे रिफाम्पिसिनच्या बरोब्बर उलट. फ्लिबॅनसेरिनसोबत ते घेतलं, तर त्या औषधाची पातळी सात पटीपर्यंत चढते. सिरोसिसच्या रुग्णाला साध्या बुरशीच्या खाजेसाठी क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी हा सोपा पर्याय आहे. जंतूंमुळे जाणाऱ्या पांढऱ्यावर मेट्रोनिडॅझोल लिहून दिलं, तर चाइल्ड-पग ‘सी’मध्ये मात्रा निम्मी करतात.

यात अडचण औषधाची नसून बोलण्याची असते. यकृताच्या ओपीडीत नवरा किंवा मुलगा फाइल घेऊन बसलेला असतो. त्याच्यासमोर खालच्या खाजेचा विषय कोण काढणार? मग मेडिकलमधून परस्पर गोळी येते.

तसंच चूर्णांचं. ‘ताकद’ आणि ‘इच्छा’ वाढवायला म्हणून अश्वगंधेच्या कॅप्सूल आता सर्रास घेतल्या जातात. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची, अंगभर खाज आणि कावीळ होऊन दवाखाना गाठावा लागल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत, भारतातलीही. गुळवेलीचं असंच मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडलं आणि त्यावर मोठा वाद झाला. निरोगी माणसात हे विरळा असेल, पण ज्याच्या यकृताची शिल्लकच कमी आहे, त्याने हा धोका घ्यायला कारण दिसत नाही.

सिरोसिस, पाळी आणि नवं यकृत

सिरोसिस बळावला की बऱ्याच जणींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. संप्रेरकांचं चक्र बिघडतं, कुपोषण असतं, शिवाय पोटातलं पाणी उतरवायला दिलेलं स्पायरोनोलॅक्टोनही पाळीत ढवळाढवळ करतं. पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं घरात समजलं जातं. बीजनिर्मिती अधूनमधून होतच असते, आणि अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या असताना गरोदरपण म्हणजे रक्तस्रावाचा मोठा धोका.

यकृत प्रत्यारोपणानंतर तर हे चित्र महिन्याभरात उलटू शकतं. वर्षानुवर्षं बंद असलेली पाळी परत येते, काहींची बीजनिर्मिती पाळी दिसण्याआधीच सुरू होते. नेमक्या याच काळात शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून औषधं भरपूर चालू असतात. त्यांतलं मायकोफेनोलेट गर्भाला व्यंग आणू शकतं. म्हणून प्रत्यारोपणानंतर किमान एक वर्ष थांबायला सांगतात, आणि मूल हवं असेल तर मायकोफेनोलेट थांबवून, त्याच्या जागी दुसरं औषध बसवून, निदान सहा आठवडे गेल्यावरच गर्भनिरोधक बंद करतात. त्यामुळे कुठलं गर्भनिरोधक घ्यायचं, हे दवाखान्यातून घरी सोडण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.